गाईच्या आहारातील स्निग्ध पदार्थ आणि दुधाचे उत्पादन : ‘बायपास फॅट’चे शास्त्र व मर्यादा

गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तिच्या आहाराला स्निग्ध पदार्थांची योग्य जोड दिल्यास दूध वाढते, हे गेल्या चार दशकांतील संशोधनाने स्पष्ट झाले आहे. मात्र हा लाभ प्रत्येक गाईला, प्रत्येक काळात आणि कोणत्याही तेलातुपाने होत नाही. चुकीचा स्निग्ध पदार्थ चुकीच्या प्रमाणात दिला गेल्यास दूध वाढण्याऐवजी दुधातील स्निग्धांश घटतो, चारा नीट पचत नाही आणि शेतकऱ्याचा खर्च वाया जातो. ‘बायपास फॅट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पूरक खाद्याची निवड करण्यापूर्वी ते गाईच्या शरीरात नेमके काय करते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

भारत १९९८ पासून जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे. २०२३-२४ या वर्षात देशाचे दूध उत्पादन सुमारे २३ कोटी ९३ लाख टन होते. हे उत्पादन प्रामुख्याने एक-दोन किंवा चार-पाच जनावरे सांभाळणाऱ्या लहान पशुपालकांकडून येते. संकलन केंद्रावर त्यांच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धेतर घन पदार्थ, यांच्या मोजमापावर ठरतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाच्या खरेदीसाठी ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ हा आधार प्रदीर्घ काळ प्रचलित आहे. त्यापेक्षा पॉइंट कमी लागले की दरात कपात होते. त्यामुळे दूध आणि फॅट दोन्ही वाढविण्याचे आश्वासन देणारे कोणतेही खाद्य या वर्गाला आकर्षित करते.

व्याल्यानंतरचे शंभर दिवस

गाय व्याल्यानंतर दूध झपाट्याने वाढते आणि साधारणपणे चौथ्या ते आठव्या आठवड्यात उच्चांक गाठते. तिची भूक मात्र त्या वेगाने वाढत नाही. आहार पूर्ण क्षमतेला पोहोचण्यास दहा ते चौदा आठवडे लागतात. या मधल्या काळात दुधावाटे बाहेर पडणारी ऊर्जा आहारातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक असते. पशुपोषणशास्त्रात या अवस्थेला ऋण ऊर्जा संतुलन म्हणतात.

हा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. साडेचारशे किलो वजनाच्या गाईला केवळ देहधारणेसाठी दररोज सुमारे ८ मेगाकॅलरी ऊर्जा लागते. प्रत्येक लिटर दुधामागे साधारण ०.७ मेगाकॅलरी लागते. म्हणजे २० लिटर दूध देणाऱ्या गाईची एकूण गरज सुमारे २२ मेगाकॅलरी होते. सुरुवातीच्या आठवड्यांत अशी गाय, पाण्याचा अंश वगळता, ११ ते १२ किलोच खाद्य घेऊ शकते आणि चांगल्या चाऱ्यातूनही तिला १६ ते १७ मेगाकॅलरीच मिळते. उरलेली ५ ते ६ मेगाकॅलरीची तूट ती स्वतःच्या अंगावरील चरबी वितळवून भरून काढते.

थोडीफार चरबी वितळणे नैसर्गिक आहे. मात्र तूट मोठी असेल तर यकृतावर भार पडतो, किटोसिससारखा आजार उद्भवतो, गाय हाडे दिसेपर्यंत खंगते आणि माजावर येणे लांबते. दूध उच्चांकापर्यंत पोहोचत नाही व त्याचा परिणाम संपूर्ण वेतावर होतो. त्याच खाद्यात अधिक ऊर्जा कशी सामावता येईल, हा प्रश्न यातूनच निर्माण झाला.

धान्याचा भरडा वाढविणे हा पहिला उपाय सुचतो. परंतु पिष्टमय खाद्य प्रमाणाबाहेर गेल्यास पोटातील आम्लता वाढते, रवंथ कमी होते आणि दुधातील फॅट उतरते. स्निग्ध पदार्थांत मात्र पिष्टमय पदार्थांच्या तुलनेत वजनागणिक सुमारे सव्वादोन पट ऊर्जा असते. शिवाय त्यांच्या पचनातून शरीरात उष्णता कमी निर्माण होते. उन्हाळ्यात गाय धापा टाकू लागते आणि खाणे कमी करते, तेव्हा हा गुण विशेष उपयोगी पडतो.

तेल थेट का देऊ नये?

उत्तर भारतात अनेक ठिकाणी जनावरांना मोहरीचे तेल किंवा तूप पाजण्याची प्रथा आहे. देशाच्या इतर भागांतही व्यालेल्या गाईम्हशीला तेल देणारे पशुपालक आढळतात. अल्प प्रमाणात यातून फारशी हानी होत नाही, मात्र दररोज मोठी मात्रा दिल्यास परिणाम उलटा होतो. त्याचे कारण गाईच्या पोटाच्या रचनेत आहे.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्यास कोटीपोट किंवा रुमेन म्हणतात. प्रौढ गाईत त्याची क्षमता शंभर लिटरहून अधिक असते. या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव कडबा, गवत आणि वैरणीतील तंतुमय भाग आंबवितात. त्यातून निर्माण होणारी आम्ले हाच गाईचा मुख्य ऊर्जास्रोत आहे. त्यांपैकी ॲसेटिक आम्लापासून कासेत दुधाच्या फॅटचा मोठा भाग तयार होतो.

मोकळे तेल या कप्प्यात गेल्यास दोन गोष्टी घडतात. तेलाचा थर चाऱ्याच्या तंतूंवर बसतो आणि जिवाणूंना तंतूंपर्यंत पोहोचता येत नाही. तसेच वनस्पती तेलांतील असंतृप्त मेदाम्ले तंतू पचविणाऱ्या जिवाणूंना घातक ठरतात. परिणामी चारा अर्धवट पचतो, ॲसेटिक आम्ल घटते व भूक मंदावते. तेलातून मिळालेली ऊर्जा चाऱ्यातून गमावलेल्या ऊर्जेपेक्षा कमी भरते.

सामान्य चारा आणि धान्य यांत शुष्क भाराच्या दोन ते तीन टक्के स्निग्धांश मुळातच असतो. पूरक मात्रा धरून हे एकूण प्रमाण सहा ते सात टक्क्यांच्या वर नेऊ नये, असे पशुपोषणतज्ज्ञ सांगतात. मर्यादेच्या आतही तो स्निग्ध पदार्थ कोणत्या स्वरूपात दिला जातो, याला महत्त्व आहे.

साबणाच्या गुणधर्मातून निघालेला मार्ग

या अडचणीवर अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे संशोधक डोनाल्ड पामक्विस्ट आणि थॉमस जेंकिन्स यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी उपाय शोधला. मेदाम्लांचा कॅल्शियमशी संयोग झाल्यास पाण्यात न विरघळणारा एक प्रकारचा साबण तयार होतो. क्षारयुक्त पाण्यात साबणाचा फेस न येता पांढरट साका बसतो, तो याच प्रकारचा पदार्थ असतो. असा कॅल्शियम साबण गाईला दिल्यास काय होते, याची तपासणी या संशोधकांनी केली. त्यांचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

कोटीपोटातील आम्लता सौम्य असते. त्या वातावरणात कॅल्शियम साबण बऱ्याच अंशी अभंग राहतो, त्यामुळे जिवाणूंना त्याचा उपद्रव होत नाही. पुढे चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात, तीव्र आम्लाशी संपर्क येताच साबणाचे विघटन होते आणि मेदाम्ले व कॅल्शियम वेगळे होतात. मेदाम्लांचे शोषण लहान आतड्यात होते. कोटीपोटाला वळसा घालून पुढे जाणारा स्निग्ध पदार्थ या अर्थाने त्यास बायपास फॅट हे नाव रूढ झाले.

बाजारात मिळणारी बायपास फॅटची बहुतेक उत्पादने पाम तेलाच्या शुद्धीकरणातून उरणाऱ्या मेदाम्लांपासून तयार होतात. कॅल्शियम साबणाच्या प्रकारात साधारण ८४ टक्के स्निग्धांश आणि सात ते नऊ टक्के कॅल्शियम असते. दुसरा प्रकार संतृप्त मेदाम्लांच्या बारीक कणांचा असतो. हे कण गाईच्या शरीराच्या तापमानाला वितळत नाहीत, त्यामुळे कोटीपोटातून जवळपास जसेच्या तसे पुढे जातात.

या संरक्षणाला मर्यादा आहे. गाईला भरडा जास्त आणि वैरण कमी मिळत असेल, तर कोटीपोटातील आम्लता वाढते आणि कॅल्शियम साबण तेथेच फुटू लागतो. म्हणजे ज्या गोठ्यात वैरणीचे संतुलन बिघडलेले आहे, तेथे बायपास फॅट ‘बायपास’ राहत नाही.

भारतातही या विषयावर काम झाले आहे. गुजरातमधील आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने बायपास फॅटचा प्रसार केला. जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधन संकुलात देशी तंत्राने बनविलेल्या बायपास फॅटचे संकरित गाईंवर प्रयोग करण्यात आले. कारखान्याचे महागडे उत्पादन लहान पशुपालकाच्या आवाक्यात आणणे, हा अशा प्रयत्नांमागील हेतू होता.

दूध किती वाढते?

या विषयावरील अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये ‘जर्नल ऑफ डेअरी सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार आहारात स्निग्ध पदार्थ मिसळल्यावर गाईमागे दररोज सरासरी सुमारे एक किलो दूध वाढले. मात्र गाईंचे खाणे काही प्रमाणात कमी झाले आणि दुधातील प्रथिनांचे प्रमाणही घटले.

ही सरासरी प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील अधिक दूध देणाऱ्या गाईंची आहे. भारतीय पशुपालकाने ती आपल्या गोठ्याला जशीच्या तशी लावणे योग्य नाही. बायपास फॅटच्या २०० ग्रॅम मात्रेतून साधारण १.१ मेगाकॅलरी ऊर्जा मिळते. वर दिलेल्या उदाहरणातील गाईची तूट ५ ते ६ मेगाकॅलरी आहे. म्हणजे ही मात्रा तुटीचा जेमतेम पाचवा हिस्सा भरून काढते. कागदावर ही ऊर्जा दीड लिटर दुधाइतकी आहे. प्रत्यक्षात तिचा काही भाग शरीराची झीज थांबविण्याकडे वळतो आणि खाणे किंचित घटल्याने काही लाभ कमी होतो. म्हणून अर्धा ते एक लिटर वाढ ही वाजवी अपेक्षा म्हणता येईल. एवढीच ऊर्जा साधारण अर्धा किलो मक्याच्या भरड्यातूनही मिळते. बायपास फॅटचे वैशिष्ट्य इतकेच की, ती ऊर्जा कमी जागेत आणि पोटातील आम्लता न वाढविता मिळते.

व्याल्यानंतर गाईची खंगण्याची गती मंदावणे, हा बायपास फॅटचा दुसरा लाभ. त्यामुळे काही प्रयोगांत गाई लवकर माजावर आल्याचे दिसले. सर्व प्रयोगांचे निष्कर्ष मात्र सारखे नाहीत. वांझपणावरील औषध म्हणून त्याची विक्री करणे समर्थनीय ठरत नाही.

दुधातील फॅटवरील परिणाम

गाईला स्निग्ध पदार्थ खाऊ घातले की दुधात फॅट वाढते, हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. दुधातील जवळपास निम्मे स्निग्ध पदार्थ कास स्वतः तयार करते. उरलेले मेदाम्लांच्या रूपाने रक्तातून कासेत येतात. आहारातील स्निग्ध पदार्थ दुसऱ्या भागात भर घालू शकतात, पण पहिल्या भागाला आळाही घालू शकतात.

विशिष्ट आहाराने दुधातील फॅट घटते, ही नोंद फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८४५ मध्येच केली होती. त्यामागील कारण उलगडण्यास दीड शतक लागले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटाने २००० मध्ये दाखवून दिले की, कोटीपोटात असंतृप्त मेदाम्लांवर जिवाणूंची प्रक्रिया होताना एक विशिष्ट मेदाम्ल तयार होऊ शकते आणि ते कासेतील फॅटनिर्मिती रोखते. दिवसाला केवळ दहा ग्रॅम एवढे हे मेदाम्ल थेट चौथ्या कप्प्यात सोडल्यावर दुधातील फॅटचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक घसरले. वनस्पती तेल जास्त, भरडा जास्त आणि वैरण कमी, असा आहार असेल तर हे मेदाम्ल पोटातच तयार होते. तेल पाजूनही फॅटचे पॉइंट का उतरतात, याचे उत्तर या शोधात आहे.

बायपास फॅटमधील मेदाम्लांचा प्रकारही महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात ॲडम लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांनुसार, पामिटिक आम्लाचे प्रमाण अधिक असलेल्या पूरक खाद्याने दुधातील फॅट वाढते. ओलेइक आम्ल असल्यास मेदाम्लांचे पचन सुधारते आणि ऊर्जा शरीराच्या भरणीकडे अधिक वळते. स्टिअरिक आम्ल जास्त मात्रेत दिल्यास त्याचे पचन कमी होते. म्हणजे पिशवीवर केवळ ‘फॅट ९९ टक्के’ असे छापलेले असणे पुरेसे नाही. त्यात कोणती मेदाम्ले आहेत, हे पाहिले पाहिजे.

प्रथिनांचे प्रमाण घटण्याचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. प्रथिने हा एसएनएफचा भाग आहे. ज्याच्या दुधाचे एसएनएफ मुळातच ८.५ च्या काठावर आहे, त्याला दुधात वाढ मिळाली तरी एसएनएफचे पॉइंट गमावण्याची शक्यता असते. आहारात पुरेशी प्रथिने असतील तर हे नुकसान कमी होते.

सरकी, पेंड आणि तुपाची कसोटी

बायपास फॅट हे नाव नवे असले, तरी तेलबियांतून गाईला स्निग्ध पदार्थ देण्याची रीत भारतात जुनी आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि सौराष्ट्र या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांत सरकी व सरकी पेंड हे दुभत्या जनावरांचे मुख्य खाद्य राहिले आहे. अख्ख्या सरकीत सुमारे १८ ते २० टक्के तेल असते. कठीण टरफलामुळे ते तेल कोटीपोटात सावकाश मोकळे होते आणि टरफलावरील तंतूंमुळे रवंथही होते. एका अर्थाने सरकी हे निसर्गाने काही अंशी संरक्षित केलेले स्निग्ध खाद्यच आहे.

घाणीच्या पेंडीत सहा ते आठ टक्के किंवा अधिक तेल शिल्लक राहत असे. द्रावक पद्धतीने तेल काढण्याचे कारखाने आल्यानंतर पेंडीतील तेल एक टक्क्याच्या आसपास आले. पेंडीतील प्रथिने कायम राहिली, मात्र तिच्याबरोबर मिळणारा स्निग्धांश गेला. तो आता वेगळ्या पिशवीतून विकत घ्यावा लागतो.

सरकीच्या आहाराचा परिणाम दुधाच्या घडणीवरही होतो आणि भारतीय कायद्याने त्याची दखल घेतली होती. तुपाची शुद्धता तपासताना रायकर्ट-माइसल मूल्य पाहिले जाते. त्यातून ब्युटिरिक आम्लासारख्या लघुमेदाम्लांचे प्रमाण कळते. ही लघुमेदाम्ले कास स्वतः तयार करते. सरकी खाणाऱ्या जनावरांत तेलातील दीर्घ मेदाम्ले दुधात वाढतात आणि कासेची स्वतःची निर्मिती कमी होते. त्यामुळे पूर्णपणे शुद्ध तूपही या कसोटीवर भेसळयुक्त वाटू शकते. ही अडचण ओळखून अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कापूस पट्ट्यातील तुपासाठी या मूल्याची किमान मर्यादा इतर भागांपेक्षा कमी ठेवण्यात आली होती. गोठ्यातील आव्हाणीत काय टाकले जाते, याचे प्रतिबिंब तुपाच्या डब्यापर्यंत पोहोचते, याचा हा पुरावाच आहे.

कॅनडातील लोण्याचा वाद

असेच एक उदाहरण कॅनडात २०२१ च्या प्रारंभी समोर आले. लोणी घराच्या सामान्य तापमानातही घट्ट राहते, पोळपोळीत होत नाही, अशी तक्रार ग्राहकांनी केली. गाईंच्या आहारातील पामजन्य पूरक खाद्यांमुळे दुधातील पामिटिक आम्ल वाढले असावे, अशी शंका व्यक्त झाली. पामिटिक आम्ल सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्याचे प्रमाण वाढल्यास लोणी घट्ट होणे शक्य असते. कॅनडातील दूध उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकऱ्यांना पामजन्य खाद्यांना पर्याय शोधण्याचे आवाहन केले आणि या विषयासाठी तज्ज्ञांचा गट नेमला. लोणी घट्ट होण्यास हेच एकमेव कारण आहे, हे मात्र सर्व शास्त्रज्ञांनी मान्य केले नाही.

पाम तेलाच्या बाबतीत भारताचा प्रश्न वेगळा आहे. भारत हा पाम तेलाचा सर्वांत मोठा आयातदार देश असून पुरवठा मुख्यत्वे इंडोनेशिया व मलेशिया येथून होतो. इंडोनेशियाने २०२२ मध्ये २८ एप्रिलपासून २३ मेपर्यंत पाम तेलाच्या निर्यातीवर बंदी घातली होती. अशा निर्णयांचा परिणाम खाद्यतेलाबरोबर पामजन्य पशुखाद्याच्या किमतीवरही होऊ शकतो. त्यामुळे या खाद्यावर कायमस्वरूपी विसंबणे लहान पशुपालकाला परवडेलच असे नाही.

कोणत्या गाईला, केव्हा आणि किती?

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन आकडेवारीनुसार देशातील संकरित व विदेशी गाई सरासरी सुमारे आठ किलो दूध देतात. देशी गाईंची सरासरी तीन ते चार किलोच्या आसपास आहे. एवढे दूध देणाऱ्या गाईची ऊर्जेची गरज चांगला हिरवा चारा, कडबाकुट्टी, मुरघास आणि संतुलित पशुखाद्य यांतून पूर्ण होऊ शकते. तिला बायपास फॅट देण्याने दुधात लक्षणीय फरक पडण्याची शक्यता कमी असते. ज्या गाई व्याल्यानंतर पंधरा लिटर किंवा अधिक दूध देतात, त्यांच्यासाठीच हा खर्च विचारात घेण्याजोगा ठरतो.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मार्गदर्शनानुसार अशा जनावराला दररोज १०० ते १५० ग्रॅम, किंवा दुधाच्या प्रत्येक किलोमागे १५ ते २० ग्रॅम बायपास फॅट द्यावे. ते विण्यापूर्वी दहा दिवसांपासून सुरू करून व्याल्यानंतर नव्वद दिवसांपर्यंत चालू ठेवावे. दूध उतरणीस लागल्यानंतर आणि गाय पुरेसे खाऊ लागल्यानंतर या खाद्याची गरज उरत नाही. त्या काळात दिलेली अतिरिक्त ऊर्जा चरबीच्या रूपाने अंगावर साचते. अतिशय लठ्ठ झालेली गाय पुढील वेतात व्याल्यानंतर खाणे सोडते आणि तिला किटोसिस होण्याचा धोका अधिक असतो.

कॅल्शियम साबणाला उग्र वास आणि साबणासारखी चव असते. काही गाई सुरुवातीला तोंड लावत नाहीत. म्हणून ते आंबोणात थोड्या प्रमाणात मिसळून आठ ते पंधरा दिवसांत पूर्ण मात्रेपर्यंत न्यावे. घरगुती तेल, तळणीचे उरलेले तेल किंवा वनस्पती तूप हा त्याचा पर्याय नाही. आहारात स्निग्धांश वाढविल्यास कॅल्शियम व मॅग्नेशियम पुरेसे राहील, याचीही काळजी घ्यावी, कारण कोटीपोटात मोकळ्या मेदाम्लांशी त्यांचा संयोग होऊन त्यांचे शोषण घटते.

फॅटचे पॉइंट कमी लागत असतील, तर बायपास फॅटकडे वळण्यापूर्वी वैरणीची तपासणी करणे अधिक फलदायी असते. चारा फार बारीक कापला जात नाही ना, भरडा वैरणीच्या तुलनेत जास्त होत नाही ना आणि विश्रांतीच्या वेळी गोठ्यातील निम्म्याहून अधिक गाई रवंथ करीत आहेत ना, हे पाहण्यास पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०११-१२ ते २०१८-१९ या काळात, संतुलित आहाराचा संगणकीय कार्यक्रम राबविण्यात आला. उपलब्ध चारा आणि पेंडीतून कमीत कमी खर्चात पूर्ण पोषण देणे, हे त्याचे सूत्र होते. बायपास फॅट हा या आहारावरचा अखेरचा थर आहे, त्याचा पाया नाही.

खर्चाचा हिशेब

निर्णय अखेरीस हिशेबावर येतो. उदाहरणादाखल समजा, बायपास फॅटचा दर किलोला १३० रुपये आहे आणि गाईला दररोज २०० ग्रॅम दिले जाते. म्हणजे दैनंदिन खर्च २६ रुपये. दुधाला लिटरमागे ३२ रुपये मिळत असतील, तर खर्च भरून निघण्यासाठी दररोज सुमारे ८०० मिलिलिटर दूध वाढले पाहिजे, किंवा फॅटचे पॉइंट वाढून तेवढी रक्कम मिळाली पाहिजे. ज्या गाईचे दूध २०० मिलिलिटरने वाढते, तिच्यामागे पशुपालकाला दररोज जवळपास वीस रुपयांचा तोटा होतो. नव्वद दिवसांत ही रक्कम अठराशे रुपयांच्या घरात जाते.

हा हिशेब प्रत्येकाला स्वतःच्या गोठ्यात करता येतो. पूरक खाद्य सुरू करण्यापूर्वी आठवडाभर आणि सुरू केल्यानंतर तीन आठवडे दूध, फॅट व एसएनएफ यांची नोंद वहीत ठेवावी. या काळात चारा व पेंड बदलू नये. गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दूध स्वाभाविकपणेही वाढत असते, हे लक्षात घेऊन मागील वेतातील नोंदींशी किंवा त्याच सुमारास व्यालेल्या, पूरक खाद्य न मिळणाऱ्या गाईशी तुलना करावी. अशी तुलना न करता झालेल्या प्रत्येक वाढीचे श्रेय पिशवीला देणे, हीच सर्वाधिक आढळणारी चूक आहे.

स्निग्ध पदार्थांच्या पूरक मात्रेमागील शास्त्र पक्के आहे. भरपूर दूध देणाऱ्या, नुकत्याच व्यालेल्या आणि पोटभर वैरण मिळणाऱ्या गाईला त्याचा लाभ होतो. त्या गाईलाही ते ठराविक काळापुरते आणि मोजून द्यावे लागते. इतर जनावरांसाठी तोच पैसा हिरव्या चाऱ्यावर, मुरघासावर आणि खनिज मिश्रणावर खर्च झाल्यास अधिक दूध मिळू शकते. संकलन केंद्रावरील पावती आणि गोठ्यातील नोंदवही यांचा मेळ घालून घेतलेला निर्णयच पशुपालकाच्या हिताचा ठरेल.